चाकांना झाकणे लावली तर पेट्रोल वाचते का?



गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या निमित्ताने शिवारात फिरत असताना एक प्रश्न मला तीन-चार गावांत विचारला गेला. प्रश्न बेण्याचा नव्हता, खताचा नव्हता, तोडणीच्या तारखेचाही नव्हता. "साहेब, गाडीच्या मागच्या चाकांना पत्रा मारला की ॲव्हरेज वाढतं म्हणतात. खरं का हो?"

एका घरी तर यावरून बाप-लेकात चांगलीच जुंपलेली होती. मुलगा नोकरीला महामार्गावरून रोज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर गाडी पळवतो. त्याने मोबाईलवर परदेशातील गाड्या बघितल्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून मागच्या दोन्ही चाकांवर बसतील अशी झाकणे करून आणली. आबांचे म्हणणे, "गाडीला परकर नेसवलाय, लोक हसतात." गंमत अशी की इंग्रजीतसुद्धा त्याला स्कर्टच म्हणतात! न्यायनिवाडा माझ्याकडे आला. मी ऊस विकासाचा माणूस, गाडीतला मिस्त्री नव्हे. पण हिशेबाची गोष्ट आहे आणि हिशेब आपल्याला रोजचाच आहे, म्हणून थोडा अभ्यास करून हा लेख लिहीत आहे.

पहिली गोष्ट, हे खूळ नव्हे. गाडीची मागची चाके अर्धी झाकण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ साली काढलेल्या डी.एस. गाडीची मागची चाके निम्मी झाकलेलीच होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ साली विजेवर चालणारी ई.व्ही.-१ नावाची गाडी आणली, तिलाही मागे झाकणे. होंडाने १९९९ साली दोन माणसांची इनसाईट गाडी काढली. हवेला कमीत कमी अडावे अशाच बेताने ती बनविली होती आणि मागची चाके झाकली होती. महामार्गावर गॅलनला ७० मैल, म्हणजे लिटरला जवळपास ३० किलोमीटर, असा तिचा तेव्हाचा सरकारी आकडा होता. (पुढे अमेरिकेत मोजण्याची पद्धत कडक झाली तेव्हा तो आकडा खाली आला, हेही सांगितले पाहिजे.) फोक्सवॅगनने २०१३ साली एक्स.एल.-१ नावाच्या अवघ्या २५० गाड्या करावयाचे ठरविले, त्यांचीही मागची चाके बंद. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअर मंडळींनी ही गोष्ट केली, ती काही शोभेसाठी नाही.

कंपनीच्या गाडीला घरी झाकणे बसविण्याचा नाद मात्र अमेरिकेतील हौशी लोकांचा. पेट्रोल वाचविण्याच्या हौसेपायी तिथे लोक पुठ्ठा, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोकळ प्लास्टिकचे बोर्ड कापून गाडीला लावतात. हे बोर्ड म्हणजे आपल्याकडचे सनपॅक. तिकडे निवडणूक झाली की उमेदवारांचे असले बोर्ड ढिगाने उरतात आणि तेच गाडीला लागतात. आपल्याकडे निवडणुकांची टंचाई नाही, तेव्हा मालाचीही टंचाई पडू नये! कोणाचा बोर्ड कोणत्या चाकाला लावावा, हे मात्र मी सांगणार नाही.

तिकडच्या एका गृहस्थाने १९९२ ची साधी होंडा सिव्हिक घेऊन घरच्या घरी तिचे रूपच पालटले. ताशी ६५ मैल वेगाने गॅलनला ९५ मैल पडतात असे त्याचे म्हणणे आहे, म्हणजे लिटरला सुमारे ४० किलोमीटर. हा आकडा ऐकून आपले तरुण सभासद हुरळून जातात. पण त्या गाडीची नुसती चाके झाकलेली नाहीत. नाक गुळगुळीत केले आहे, पोट खालून बंद केले आहे आणि मागे निमुळती लांब शेपूट जोडली आहे. उसाच्या प्लॉटला बेणे, माती, पाणी, खत आणि भरणी सगळे मिळून जे येते, ते एकट्या युरियाच्या नावावर मांडल्यासारखे ते होते.

आता झाकणाने होते काय, ते पाहू. भर पाटात खोरे आडवे धरा. हाताला जोर लागतो आणि खोऱ्याच्या मागे पाणी भोवरे खात राहते. तेच खोरे धारेच्या दिशेने वळवा, पाणी दोन्ही अंगांनी सरळ निघून जाते आणि हात हलका होतो. हवेचेही तसेच आहे, फक्त ती दिसत नाही. गाडीच्या बाजूने हवा चांगली सरळ वाहत असते, पण चाकाच्या कमानीपाशी आली की तिथे मोठे भोक आणि त्यात फिरणारे चाक. गाडी ताशी ८० ने चाललेली असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असतो आणि टायरचा माथा ताशी १६० ने पुढे धावत असतो. विचार करून बघा, पटेल. हे चाक कमानीतली हवा घुसळते, ती बाजूने बाहेर येते आणि सरळ वाहणाऱ्या हवेत खोडा घालते. गाडीला हवेचा जो एकंदर अडथळा होतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा चाके आणि त्यांच्या कमानी यांचा, असे या विषयातले जाणकार सांगतात. मागच्या चाकांवरचे झाकण या हिश्श्यातला थोडा भाग कमी करते. थोडाच. पुढची दोन चाके उघडीच राहतात, कारण ती वळवावी लागतात. शिवाय मागच्या चाकांनाही खालून हवा लागतेच.

आता हिशेब. माणसांसह १,००० किलो वजनाची साधी गाडी धरू. सपाट डांबरी रस्त्यावर टायर लोळवत नेण्यास तिला सुमारे १२ किलोची ओढ लागते. ही ओढ वेगाने फारशी बदलत नाही. हवेची ओढ मात्र वेगाबरोबर भडकते. वेग दुप्पट झाला की ती चौपट. अशा गाडीला ताशी ४० ला हवेची ओढ साधारण ५ किलो, ८० ला २१ किलो आणि १०० ला ३३ किलो येते. म्हणजे ४० च्या वेगाला एकूण १७ किलोपैकी हवेचे ५. ऐंशीला एकूण ३३ पैकी २१. शंभराला एकूण ४५ पैकी ३३.

झाकणांमुळे हवेचा अडथळा चार टक्क्यांनी कमी झाला असे समजू. घरी केलेल्या झाकणाला हे चांगलेच मार्क झाले. तर ८० च्या वेगाला एक किलोपेक्षा थोडी कमी ओढ वाचते, म्हणजे एकूण ओढीच्या अडीच टक्के. ताशी ४० ला सव्वा टक्काही नाही. आणि ही झाली ओढ. पेट्रोल त्याच्याही आत वाचते, कारण इंजिनाला स्वतःला फिरवायलाही इंधन जाळावेच लागते. आपल्या गावरस्त्यावर तर दर फर्लांगाला स्पीडब्रेकर, खड्डा किंवा उसाची ट्रॉली. तिथे पेट्रोल जाते ते गाडी पुन्हा पुन्हा उचलण्यात. त्या जागी झाकण काय करणार?

हाच हिशेब आबांच्या ओसरीवर बसून केला. मुलगा वर्षाला २८० दिवस जातो, दिवसाला १२५ किलोमीटर, म्हणजे ३५,००० किलोमीटर. लिटरला १८ चे ॲव्हरेज धरले तर वर्षाला १,९४४ लिटर. दोन टक्के वाचले तर ३९ लिटर, एकच टक्का वाचला तर १९. पेट्रोल हिशेबाला सोपे म्हणून शंभर रुपये धरू. दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत रक्कम होते. पत्रा आणि मजुरी सुटून काही उरेल. पोराचे अगदीच चुकले नव्हते. आबा गप्प झाले.

पण मग आबांचा स्वतःचा हिशेब केला. त्यांची गाडी शेत, सोसायटी, बाजार आणि पै-पाहुणे यांत वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरते. म्हणजे ३३३ लिटर. या रस्त्यांवर अर्धा टक्का वाचला तरी डोक्यावरून पाणी. वर्षाला पावणेदोन लिटर! तेवढ्यासाठी कोणी गाडीला पत्रा मारू नये. आमच्या गट कार्यालयाच्या गाडीलाही मी मारणार नाही.

आणि मुलाला मी आणखी एक गोष्ट विचारली, "तू चालवतोस किती वेगाने?" तो म्हणाला, "शंभराच्या आसपास." वरचे आकडे पुन्हा बघा. शंभरावरून ऐंशीवर आले की ओढ ४५ वरून ३३ किलोवर येते, सव्वीस-सत्तावीस टक्के कमी. त्यातली निम्मीच बचत पेट्रोलमध्ये हाती लागली असे धरले तरी वर्षाला अडीचशे लिटर. वेळ जास्त लागेल तो दिवसाला सुमारे वीस मिनिटे. अमेरिकेत तेलटंचाईनंतर १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची, मर्यादा घातली गेली ती याच हिशेबाने. ती १९९५ मध्ये उठविण्यात आली, लोकांना घाई तिकडेही आहेच. मुलगा म्हणाला, "साहेब, वीस मिनिटं लवकर उठायला लागंल." यावर आबा हसले ते मात्र बघण्यासारखे होते.

गाडीच्या टपावरचे कॅरियर हा तर आपल्याकडचा मोठा चोर आहे. लग्नसराईत सामानासाठी बसवायचे आणि पुढे वर्षभर रिकामे मिरवायचे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या माहितीप्रमाणे टपावर सामानाची मोठी पेटी असेल तर शहरात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज पडते. रिकाम्या कॅरियरचा तोटा यापेक्षा कमी, पण तो दररोजचा. कॅरियर काढून ठेवायला पाना लागतो, पैसा लागत नाही. तसेच टायरच्या हवेचे. चारी टायरमध्ये एक-एक पौंड हवा कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के ॲव्हरेज कमी होते. दहा पौंड कमी असतील तर दोन टक्के गेले, म्हणजे झाकणांनी कमावलेले सगळे टायरने खाल्ले. दहा पौंड म्हणजे फार वाटते ना? एकदा पंक्चरवाल्याकडे गेज लावून बघा. आपल्यापैकी किती जण टायर चपटा दिसेपर्यंत हवा बघत नाहीत, ते मला गाड्यांत बसून बसून माहीत आहे.

इतके सांगूनही ज्यांचे रोजचे जाणे महामार्गावरून आहे आणि ज्यांना हातचे काम करण्याची हौस आहे, त्यांनी जरूर करून बघावे. मात्र कायद्याची बाजू आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीत मनाजोगते बदल करण्यास मर्यादा घातल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले आहे. गाड्यांच्या पुढचे लोखंडी बंपरगार्ड केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदेशीर ठरविले, ते याच कलमाखाली. म्हणून आधी आर.टी.ओ. कार्यालयात नमुना दाखवून विचारावे, मगच पत्रा कापावा. बाहेर आलेली धारदार कड एखाद्या दुचाकीवाल्याच्या पायाला लागली तर किती पेट्रोल वाचले हे कोणी विचारणार नाही.

काम असे करावे. शिंपी कापडाआधी कागद कापतो तसा आधी पुठ्ठ्याचा नमुना कमानीवर धरून कापा. झाकणाची खालची कड चाकाच्या मध्यापर्यंत किंवा जरा खाली, त्याखाली नको. खरी अडचण रुंदीची आहे. पुष्कळ गाड्यांत टायरची बाजू आणि गाडीचा पत्रा एका रेषेत असतात. मग सपाट झाकण टायरला घासते आणि त्याला बाहेर फुगवटा द्यावा लागतो. फॅब्रिकेशनवाला हे सहसा बघत नाही, तो पत्रा मापाने कापून मोकळा होतो. टायर आणि झाकण यांत किमान दोन-तीन बोटे जागा हवी. ती रिकाम्या गाडीत मोजू नका. मागे तीन माणसे बसवा, डिकीत खताची दोन पोती टाका आणि मग बघा, चाक कमानीत किती वर सरकते ते. वळणावरही ते आडवे थोडे हलते.

पुढची कड गाडीच्या पत्र्याला नीट चिकटून असली पाहिजे. छपराचे पत्रे घालताना आपण वारा आत शिरू नये अशा दिशेने एकावर एक चढवितो, तेच इथे. ही कड जरा जरी उचललेली राहिली तर ऐंशीच्या वेगाला वारा आत शिरून झाकण सुटेल. मागून मोटरसायकलवर कोणी येत असेल तर त्याचे काय होईल, ते लिहीत नाही. म्हणून नुसत्या दोन्ही बाजूंच्या चिकटपट्टीवर विसंबू नका. आतून क्लॅम्प आणि नटबोल्ट हवेतच, तेही हाताने सोडविता येणारे फुलपाखरी नट, खाली स्प्रिंग वॉशर घालून. कडांना रबर बीडिंग लावा, म्हणजे गाडीचा रंगही खरवडणार नाही. इंडिकेटर, रिफ्लेक्टर किंवा पेट्रोलचे झाकण त्याखाली जाता कामा नये. लोखंडी पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम बरे. सनपॅक फक्त चाचणीपुरते, ते उन्हाने कडकते.

पावसाळ्यात ही झाकणे काढून ठेवा. आपल्या काळ्या रानातला चिखल काय करतो हे मोटरसायकलवाल्यांना सांगायला नको. पुढचे मडगार्ड गच्च भरते आणि चाक जागच्या जागी थांबते. झाकणाच्या आत तेच होईल आणि बाहेरून दिसणारसुद्धा नाही. घाट उतरतानाही ब्रेक तापतात, त्यांना वारा लागतो तो याच वाटेने. रोज घाट असेल तर मी झाकण लावा म्हणणार नाही.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, चाचणी. नवीन खत वापरले की आपण शेजारची चार सऱ्या कोरी ठेवतो. नाहीतर खताने उतारा वाढला की त्या वर्षीच्या पावसाने, हे कळायचे कसे? झाकण लावले, आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज वाढले, म्हणून झाकण चांगले, हा निष्कर्ष कच्चा आहे. झाकण लावणारा माणूस त्या आठवड्यात गाडीही जपून चालवितो. म्हणून झाकण लावून तीन टाक्या, काढून तीन टाक्या आणि पुन्हा लावून तीन टाक्या बघाव्यात. पंप एकच, पहिला कट पडला की थांबायचे, किलोमीटर वहीत लिहायचे. हवा दर वेळी सारखी, रस्ता तोच, वेग तोच.

घाई असेल तर दुसरी पद्धत आहे. पहाटे, वारा पडलेला असताना, रहदारी नसलेला सपाट सरळ रस्ता बघा. गाडी ७० वर न्या, न्यूट्रल करा आणि ५० वर येईपर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारच्याने घड्याळावर मोजावे. इंजिन बंद करू नका, ब्रेकचा जोर जातो. जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा मोजा, म्हणजे चढ-उतार आणि वारा यांचा फरक निघून जाईल. मग झाकणे काढून पुन्हा तसेच. झाकणाने खरेच काम केले असेल तर गाडी जास्त सेकंद पळेल. चाराच्या चार आकड्यांत एकमेकांतच जितका फरक पडतो त्याहून झाकणाचा फरक कमी निघाला, तर झाकण उतरवून ठेवावे आणि तो पत्रा दुसऱ्या कामाला लावावा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीला काही करता येईल का, असेही एका वाहतूकदाराने विचारले. ताशी वीसच्या आत चालणाऱ्या भरल्या ट्रॉलीला वाऱ्याचे ओझे नसतेच म्हटले तरी चालेल, तिथे सगळे ओझे उसाचे आणि टायरचे. ट्रॉलीच्या टायरची हवा बघावी आणि मागचे रिफ्लेक्टर पुसावेत.

आबांच्या मुलाने वही घातली आहे. झाकणांसह तीन टाक्या झाल्या, आता झाकणे काढून ठेवली आहेत. मागे पंक्चर झालेच तर फुलपाखरी नट काढायला हात पुरतो की नाही, हे त्याने अंगणातच दोनदा करून बघितले. पहिल्यांदा पाच मिनिटे लागली, दुसऱ्यांदा दोन.